डिपस्टिक नसलेल्या गाडीत इंजिन ऑइलची पातळी कशी तपासायची

स्क्रीनवर 'ऑइल लेव्हल ओके' असं दिसलं की आधी एवढंच विचारायचं: हे माप कधी घेतलेलं आहे?

डिपस्टिक, म्हणजे ऑइलमध्ये बुडालेली खुणांची कांडी, ओढली की तिच्यावर दिसतं ते या क्षणाचं ऑइल. सेन्सरवाल्या गाडीत तसं नसतं. समोर दिसणारी पट्टी कालच्या प्रवासातली असू शकते, किंवा ऑइल टाकण्याच्या आधीचीही. गाडीचा संगणक शेवटचं भरवशाचं माप जपून ठेवतो आणि नव्या मापाच्या अटी पुऱ्या झाल्याशिवाय ते बदलत नाही. या अटी माहीत नसल्या की माणूस जुना आकडा बघून आणखी ऑइल ओततो आणि ठणठणीत इंजिनात लिटरभर ऑइल जास्त होतं. म्हणून मेनू कुठे आहे हे शोधण्याआधी सेन्सर काय करतो ते समजून घ्यायला हवं.

चेंबरच्या तळाशी काय बसवलेलं असतं

ऑइल चेंबरच्या, म्हणजे संपच्या, तळाला खालून एक छोटा सेन्सर बसवलेला असतो. त्याला बहुधा तीन पिनांचा प्लग असतो: बारा व्होल्टचा पुरवठा, अर्थिंग आणि सिग्नल. मोजण्याच्या दोन पद्धती जास्त चालतात.

जुन्या पद्धतीत सेन्सरमधला एक छोटा भाग आजूबाजूच्या ऑइलपेक्षा थोडा जास्त तापवला जातो आणि तो किती वेळात निवतो ते मोजलं जातं. ऑइल भरपूर असेल तर तो लवकर निवतो, कमी असेल तर सावकाश. हे तापवणं आणि निवणं सतत चालू असतं. गाडी वळणावर असताना किंवा जोरात ब्रेक लागल्यावर मिळालेली मापं संगणक बाजूला टाकतो आणि उरलेल्यांची सरासरी काढतो. त्यामुळे अर्धा लिटर ऑइल टाकलं तरी पट्टी लगेच हलत नाही. त्यात बिघाड काही नाही, सरासरीला वेळ लागतो इतकंच.

नव्या पद्धतीत तळापासून वर ध्वनिलहरी सोडतात. ऑइलच्या पृष्ठभागावर आपटून त्या परत यायला किती वेळ लागला, यावरून उंची कळते. ५० मिलिमीटर ऑइलमधून जाऊन यायला सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाहूनही कमी वेळ लागतो. ऑइल तापलं की त्यात आवाजाचा वेग कमी होतो, म्हणून त्याच सेन्सरमध्ये तापमानही मोजतात. ऑइलमध्ये बुडबुडे असले तर लहरी विखुरतात आणि माप मिळत नाही किंवा चुकतं. ऑइलच्या लाटा शांत राहाव्यात म्हणून सेन्सरभोवती बारीक भोकांचं एक भांडं असतं. ऑइल बदलायला फार उशीर झाला आणि त्या भोकांत काळा गाळ बसला, तर भांड्यातली पातळी बाहेरच्या पातळीबरोबर हलेनाशी होते. सेन्सर चांगला असूनही आकडा खोटा निघतो.

काही गाड्यांत यापेक्षा साधा तरंगता स्विच असतो. पातळी एका ठरावीक खुणेखाली गेली की दिवा लागतो, बाकी तो काही सांगत नाही. अशा गाडीत बहुधा डिपस्टिकही असते आणि खरं माप तिचंच धरायचं.

तीन वेगळ्या गोष्टी, ज्यांची सरमिसळ होते

लाल रंगाची तेलाची किटली म्हणजे ऑइलचा दाब गेला. हा दिवा चालत्या इंजिनात लागला तर गाडी सुरक्षित बाजूला घेऊन इंजिन ताबडतोब बंद करायचं. 'पुढच्या वळणापर्यंत जाऊ' म्हणायचं नाही. दाब नसताना बेअरिंग आणि क्रँकशाफ्ट (इंजिनाचा मुख्य फिरता दांडा) यांच्यामधला ऑइलचा पापुद्रा टिकत नाही आणि धातूवर धातू घासतो. पातळी बरोबर असली तरी दाब जाऊ शकतो: पंप बिघडतो, पंपाची जाळी तुंबते.

पिवळी किटली म्हणजे पातळीची सूचना. हिच्याखाली पुष्कळदा लाटेसारखी रेघ असते. पातळी किमान खुणेजवळ आली आहे, लवकर तपासा, असा तिचा अर्थ. काही गाड्यांत पातळी जास्त झाली किंवा सेन्सर बिघडला तरी हाच पिवळा दिवा लागतो, म्हणून सोबतचा मजकूर वाचायचाच.

तिसरी गोष्ट 'ऑइल लाइफ ४० टक्के' असली टक्केवारी. तिचा पातळीशी काहीही संबंध नाही. इंजिनाचे फेरे, तापमान, थंडीत सुरू केल्याच्या वेळा यांचा हिशोब करून ऑइल कधी बदलायचं याचा तो अंदाज असतो. ८० टक्के लाइफ दाखवणाऱ्या इंजिनातही ऑइल किमान खुणेच्या खाली असू शकतं. हा गैरसमज फार महागात पडतो.

उतार आणि तापमान किती फरक पाडतात

सपाट जागा हवी असं सगळेच सांगतात. का हवी ते एका हिशोबाने पाहू. चेंबर ३० सेंटिमीटर लांब आणि २५ सेंटिमीटर रुंद आहे असं धरा, म्हणजे पृष्ठभाग ७५० चौरस सेंटिमीटर. त्यात एक लिटर ऑइल टाकलं तर पातळी फक्त १३ मिलिमीटर वाढते. बहुतेक गाड्यांत किमान आणि कमाल खुणांमधलं अंतर साधारण एका लिटरचंच असतं, म्हणजे सगळा खेळ या १३ मिलिमीटरचा. आता सेन्सर चेंबरच्या मध्यापासून १५ सेंटिमीटर दूर आहे आणि गाडी फक्त ३ अंश कललेली आहे असं समजा. सेन्सरवरची पातळी जवळजवळ ८ मिलिमीटर बदलते, म्हणजे सहाशे मिलिलिटरची चूक. पार्किंगच्या जागेला पाणी वाहून जावं म्हणून दिलेला ढाळ डोळ्यांना जाणवतही नाही, पण सेन्सरला जाणवतो. एक चाक फुटपाथवर असेल तर माप घेऊच नका.

तापमानाचंही तसंच. ऑइल दर अंशाला साधारण ०.०७ टक्के फुगतं. ५ लिटर ऑइल २० अंशांवरून ९० अंशांवर गेलं की पाव लिटरच्या आसपास वाढतं. थंड इंजिनात पाव लिटर कमी दिसणं म्हणजे ऑइल कमी झालं असं नव्हे. म्हणूनच बऱ्याच गाड्या ऑइल तापल्याशिवाय माप द्यायलाच नकार देतात. इथे एक खाच आहे. कूलंटचा, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचा, काटा मध्यावर आला म्हणजे ऑइल तापलं असं होत नाही, ऑइल त्याच्या मागून तापतं. कूलंट तापल्यावरही आणखी दहा-पंधरा मिनिटं गाडी चालवा. नुसतं उभ्या जागी इंजिन चालू ठेवून ऑइल नीट तापत नाही.

माप घेताना

वीसेक मिनिटं नेहमीसारखी, शांतपणे गाडी चालवा. शेवटची दोन-तीन मिनिटं एक्सिलरेटर हलका ठेवा, म्हणजे ऑइलमधले बुडबुडे बसतील. सपाट जागी थांबा, गिअर पार्क किंवा न्यूट्रलमध्ये टाका, हँडब्रेक ओढा. सिग्नलवर इंजिन आपोआप बंद करणारी सोय असेल तर ती बटणाने बंद करा, नाहीतर मापाच्या मध्येच इंजिन थांबेल.

यापुढे गाडीगणिक वाट वेगळी. आणि सगळ्यात मोठी चूक इथेच होते: काही गाड्या चालू इंजिनावर मोजतात, काही बंद इंजिनावर. इंजिन चालू असताना बरंचसं ऑइल वर हेडमध्ये, फिल्टरमध्ये आणि वाहिन्यांमध्ये असतं, बंद केल्यावर ते खाली उतरतं. दोन्ही पद्धतींचे हिशोब कंपनीने वेगवेगळे बसवलेले असतात. एका गाडीची रीत दुसरीवर चालवली की आकडा चुकतो.

बीएमडब्ल्यूमध्ये मेनूत 'व्हेइकल स्टेटस' मधून 'इंजिन ऑइल लेव्हल' वर जायचं. इथे दोन प्रकारची मापं मिळतात. एक चालता चालता घेतलेलं, जे नुसतं दिसतं. दुसरं सविस्तर माप, जे आपण मागायचं असतं. त्यासाठी इंजिन गरम, गाडी सपाट जागी आणि इंजिन आयडलवर, म्हणजे एक्सिलरेटर न दाबता, चालू पाहिजे. मग 'मेझर इंजिन ऑइल लेव्हल' निवडायचं. साधारण मिनिटभर लागतं, काही जुन्या मॉडेलांत जास्त. तेवढ्या वेळात एक्सिलरेटरला पाय लावायचा नाही, गाडीत चढउतार करायची नाही. सतत छोट्या फेऱ्या होत असतील किंवा गाडी पळवली जात असेल, तर चालतं माप तयारच होत नाही. अशा वेळी सविस्तर मापच घ्यावं.

ऑडीच्या डिपस्टिक नसलेल्या मॉडेलांत रीत उलटी आहे. गरम इंजिन बंद करायचं, इग्निशन चालू ठेवायचं आणि सुमारे दोन मिनिटं थांबायचं. मग 'कार' मेनूत सर्व्हिसच्या भागात ऑइल लेव्हल दिसते. बॉनेट उघडल्याची नोंदही गाडी घेते आणि काही मॉडेलांत आधीचं माप पुसलं जातं. नवं माप थोडं अंतर चालवल्यावरच येतं. म्हणून आधी माप घ्या, बॉनेट नंतर उघडा.

मर्सिडीजच्या ज्या मॉडेलांत स्क्रीनवर माप मिळतं, तिथे इंजिन गरम असेल तर बंद केल्यावर ५ मिनिटं थांबायचं. पुरतं तापण्याआधीच बंद केलं असेल तर ३० मिनिटं. मग इग्निशन चालू करून स्टिअरिंगवरच्या बटणांनी 'सर्व्हिस' मेनूत जायचं. घाई केली तर गाडीच 'थांबण्याची वेळ पाळा' असं सांगते. पोर्श ९११ मध्ये पिढी बदलली की पद्धत बदलते, त्यामुळे मागच्या गाडीची सवय नव्या गाडीला लावू नका. कुठल्याही गाडीत शेवटचा शब्द तिच्या स्वतःच्या मॅन्युअलचा.

इग्निशन चालू पण इंजिन बंद, हे बटणाच्या गाडीत कसं करायचं? पुष्कळ गाड्यांत ब्रेकवर पाय न ठेवता स्टार्ट बटण दाबलं की होतं. काहींत एकापेक्षा जास्त वेळा दाबावं लागतं.

प्लग-इन हायब्रिडची गोष्ट जरा निराळी. इंजिन दिवसचे दिवस सुरूच होत नसेल तर स्क्रीनवरचं माप तितकंच जुनं असतं. अशा गाडीत इंजिन सतत चालू राहील असा ड्रायव्हिंग मोड निवडून, वीस-पंचवीस मिनिटं चालवून मगच मोजा.

एकाच मापावर विसंबू नये, असं आमचं ठाम मत आहे. दोन वेळा, त्याच जागी, त्याच रीतीने मोजा. दोन्ही मापं जुळली की मगच बाटलीला हात लावा.

ऑइल टाकताना

'एक लिटर टाका' असं स्क्रीन म्हणाली तरी अर्धा लिटरच टाका. ग्रेड आणि गाडीच्या कंपनीची मंजुरी मॅन्युअलमध्ये बघा. फक्त ५डब्ल्यू-३० हा घट्टपणाचा ग्रेड जुळणं पुरेसं नाही. बीएमडब्ल्यू लाँगलाइफ-०४, फोक्सवॅगन ५०४.०० किंवा ५०७.००, मर्सिडीज २२९.५१ अशी जी मंजुरी मॅन्युअलमध्ये दिली असेल, तीच डब्याच्या मागच्या लेबलावर शोधा. डिझेल गाडीत धुराड्याचा फिल्टर असतो आणि त्यासाठी कमी राख सोडणारं ऑइल लागतं. चुकीच्या ऑइलची राख त्या फिल्टरमध्ये साचते आणि ती जळून जात नाही.

इंजिन बंद करा. फिलर कॅपच्या भोवतालची धूळ फडक्याने पुसा, कारण झाकण उघडताना पडलेला खडा सरळ कॅमशाफ्टवर जातो. फनेल लावून ऑइल बारीक धारेने ओता. भराभर ओतलं की ते आत अडकून उलटं वर येतं. कॅपची रबरी रिंग फाटलेली नाही ना ते पाहून झाकण घट्ट बसवा. मग इंजिन दोन-तीन मिनिटं चालवून पुन्हा पहिल्यापासून रीतसर माप घ्या. तापवून मोजणाऱ्या सेन्सरच्या गाडीत पुढच्या वीस-तीस मिनिटांच्या प्रवासानंतरचाच आकडा धरा. पट्टी तीन चतुर्थांश भरली की थांबा. कमाल खुणेला टेकवण्यात काही फायदा नाही.

ऑइल बदलताना हेच जास्त सांभाळावं लागतं. मॅन्युअलमध्ये फिल्टरसकट जितकं प्रमाण दिलं असेल त्यापेक्षा अर्धा लिटर कमी भरा, कारण जुनं ऑइल कधीच पूर्ण निथळत नाही. इंजिन दोनेक मिनिटं चालवा, म्हणजे नवा फिल्टर भरेल. त्यानंतर मोजून उरलेलं टाका. बदलल्यावर लगेच स्क्रीनवर दिसणारं माप जुन्या ऑइलचं असण्याची शक्यता दाट असते.

पातळी कमालच्या वर गेली तर

'थोडं जास्त असलं तर काय बिघडतं' हे ऑइलच्या बाबतीत खरं नाही. पातळी वाढली की फिरणारा क्रँकशाफ्ट ऑइलला आपटायला लागतो. ताक घुसळल्यासारखा फेस होतो. पंप तो फेस ओढतो आणि हवा मिसळलेल्या ऑइलने बेअरिंगवर नीट दाब धरत नाही. ऑइलचे थेंब इंजिनाच्या पोटातल्या हवेबरोबर इनटेकमध्ये, म्हणजे हवा आत घेणाऱ्या मार्गात, जातात, जळतात, निळा धूर येतो, धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होतो. सील गळायला लागतात. त्यातून गंमत अशी की फेसामुळे ध्वनीवर चालणारा सेन्सर मापच देत नाही, आणि माणूस 'माप येत नाही' म्हणून आणखी ओततो. जास्त झालेलं ऑइल काढायचंच. डिपस्टिकची बुजवलेली नळी असेल तर त्यातून पंपाने ओढता येतं, नाहीतर ड्रेन बोल्ट सैल करून. काढलेलं ऑइल मोजपात्रात घ्या, म्हणजे किती काढलं ते कळेल.

कुणी ऑइल टाकलेलं नसताना पातळी वाढत असेल तर ते जास्त गंभीर आहे. डिझेल गाडी धुराड्याच्या फिल्टरमधली काजळी जाळून तो साफ करताना जादा डिझेल सोडते. ही सफाई छोट्या फेऱ्यांमुळे वारंवार अर्धवट राहिली तर न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतींवरून चेंबरमध्ये उतरतं. पेट्रोल गाडीतही थंड इंजिनावरच्या छोट्या फेऱ्यांनी असंच घडतं. फिलर कॅपमधून इंधनाचा वास येतो, ऑइल बोटांमध्ये पातळ लागतं. अशा वेळी नुसतं थोडं काढून भागत नाही, ऑइल आणि फिल्टर बदलावा लागतो. कॅपखाली दुधी, साय धरल्यासारखा थर दिसला आणि कूलंटही कमी होत असेल, तर पाणी ऑइलमध्ये मिसळत असण्याची शंका घ्या आणि गाडी चालवू नका. कूलंट स्थिर असेल आणि थंडीत कॅपखालीच थोडी साय असेल, तर ती बहुधा बाष्पाची असते. लांबच्या एका प्रवासात ती उडून जाते.

माप येतच नसेल तर

आधी अटी तपासा: तापमान, उतार, थांबण्याची वेळ, बॉनेट. त्या पुऱ्या करूनही दोन-तीन दिवस आकडा येत नसेल किंवा 'सेन्सर बिघाड' असा मजकूर आला, तर गाडीच्या संगणकाला स्कॅनर लावून बिघाडाचा कोड वाचा. सेन्सर गाडीच्या सगळ्यात खालच्या भागात असल्यामुळे दगड लागणं, चिखलाने प्लग गंजणं, सेन्सरमधून ऑइल पाझरून थेट प्लगमध्ये येणं, हे प्रकार घडतात. प्लग काढून पाहा. आतल्या पिना ऑइलने माखलेल्या असतील तर सेन्सर गेला. पिना कोरड्या आणि स्वच्छ असतील तर इग्निशन चालू करून पुरवठ्याच्या पिनेवर बॅटरीइतका व्होल्टेज येतो का, हे मल्टिमीटरने बघा. येत नसेल तर फ्यूज आणि वायरिंग शोधा, सेन्सर उगाच बदलू नका.

सेन्सर बदलायचा तर ऑइल पूर्ण काढावं लागतं, त्यामुळे हे काम ऑइल बदलाच्या वेळीच धरलेलं बरं. बहुधा तीन छोट्या नटांवर तो बसतो. रिंग किंवा गॅस्केट नवीच घाला, बसायची जागा कोरड्या फडक्याने पुसा. नट टॉर्क रेंचने मॅन्युअलमधल्या आकड्याइतकेच आवळा. छोटे स्टड आहेत, हाताच्या अंदाजाने आवळले की अॅल्युमिनियमच्या चेंबरमधले आटे निघतात.

तोवर पातळी कशी कळणार? काही इंजिनांसाठी वर्कशॉपमधल्या वापरासाठी वेगळी डिपस्टिक मिळते, ती बुजवलेल्या नळीत घालून मोजतात. ती नसेल तर खात्रीचा मार्ग एकच: गरम ऑइल पूर्ण काढून मोजायचं, मॅन्युअलमधल्या प्रमाणाशी ताडून बघायचं आणि नवं ऑइल मोजून भरायचं. मापाशिवाय अंदाजाने अर्धा-अर्धा लिटर ओतत राहणं सर्वांत वाईट.

नोंद

दर १,००० किलोमीटरला, त्याच जागी माप घेऊन किलोमीटर आणि पट्टी वहीत लिहा. ऑइल टाकलं तर किती मिलिलिटर तेही. २,००० किलोमीटरमध्ये ५०० मिलिलिटर लागलं, तर खप १,००० ला पाव लिटर. काही कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये १,००० ला अर्ध्या लिटरपर्यंतचा खप चालण्यासारखा म्हटलेला आहे. पण आकड्यापेक्षा बदल महत्त्वाचा: पूर्वी २,००० ला २०० मिलिलिटर लागत होतं आणि आता ७०० लागतं, तर व्हॉल्व्ह कव्हरचं गॅस्केट, फिल्टर हाउसिंगचा जोड, टर्बोची ऑइल लाइन आणि ड्रेन बोल्ट या क्रमाने ओल शोधा. सगळं कोरडं असेल आणि सकाळी गाडी सुरू करताना क्षणभर निळा धूर येत असेल, तर व्हॉल्व्हच्या सीलकडे बघा.